मुनियप्पांचा दगड

आमच्या घरात माझ्या हुशारीची एक गोष्ट सांगतात. जावई पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा सांगितली, नातवंडांच्या मित्रमैत्रिणींना सांगतात — आजीने एकदा चुन्याच्या डब्याने मोटारीचं दुखणं शोधून काढलं होतं! गोष्ट खरी आहे. फक्त अर्धी आहे. उरलेली अर्धी मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि ह्यांच्यापासून मी दुसरं काही लपवलं असेल असं मला आठवत नाही.

तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मुनियप्पांना पाहिलेलं नाही, म्हणून असेल. ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्यासमोर माझी जीभ रेटत नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी लग्न होऊन बेळगावहून बेंगळूरला आले. सासरची माणसं शेकडो वर्षांपूर्वी इथे येऊन रुजलेली मराठी — घरात बोलायची मराठी, पण कन्नडातलं ‘स्वल्प’ म्हणजे जरा आणि ‘सरी’ म्हणजे बरं, हे घातल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत. घर बसवनगुडीत, आणि बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अण्णांची नर्सरी. गुलाब, क्रोटन, नेचे. आज तिकडे पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा नुसती नाचणीची शेतं आणि मधूनमधून काळे खडक. हे कारखान्यात नोकरीला, त्यामुळे नर्सरीत अण्णांबरोबर मी जायची. रोपांच्या पाट्या लिहायच्या, कलमं बांधायची, खत पाहून घ्यायचं. घराबाहेर पडायला मिळतंय यावरच मी खूश होते.

आणि होती ती गाडी. लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेली जुनी पिकअप. पुढे तिघांची सीट, सीटखाली पेट्रोलची टाकी, मागे उघडा हौदा. पेट्रोलचा काटा कधीच मेलेला. अण्णा टाकीत बांबूची पट्टी बुडवून पेट्रोल किती ते बघत. गाडीला कायम शेणखताचा आणि एरंडीच्या पेंडीचा वास. ती फक्त मुनियप्पांचं ऐकायची. मुनियप्पा अण्णांकडे वीस वर्षं ड्रायव्हर होते — उंच, सडपातळ, कानावर विडी. घरात सगळे त्यांना अरे-तुरे करत. मला ते जमलं नाही; ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

एकदा खत आणायला आम्ही दोघं चाललो होतो. रस्ता मोकळा. एकाएकी मुनियप्पा हसायला लागले.

“अम्मा, तुमचा पाय काय करतोय तो?”

मी खाली पाहिलं. ते क्लच दाबत तेव्हा माझा पाय आपोआप पुढची पत्र्याची फळी दाबत होता. बरोबर त्याच क्षणी. किती दिवस चाललं होतं कोण जाणे.

“बसता का इकडं?” त्यांनी विचारलं.

मी पदर खोचला आणि बसले.

ती गाडी पहिल्यांदा हलली तेव्हा — कसं सांगू? मला वाटलं, गाडी जागेवर आहे आणि नाचणीचं शेतच मागे सरकतंय. मी ओरडले. मुनियप्पाही ओरडले, “निधान! निधान, अम्मा! सावकाश! क्लच म्हणजे मांडीवर निजलेलं पोर. असं झटकन उठू नका, हळूहळू सोडा.” दोन महिन्यांत मी दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात जायला लागले. खताच्या फेऱ्यांची मी वाट पाहायची. जगात मला एवढा आनंद कशाचा झाला नसेल — लग्नाचा धरून सांगते आहे.

त्यांच्या दोन अटी होत्या. कोणाला सांगायचं नाही, कारण अण्णांना कळलं तर दोघांची धडगत नाही. आणि ते शेजारी नसताना चाकाला हात लावायचा नाही.

पहिली मी पाळली.

एका दुपारी अण्णा जेवून आंब्याखाली आडवे झाले होते. मुनियप्पा विहिरीवर अंघोळीला गेले होते. गाडी फाटकापाशी, किल्ली गाडीतच. मला वाटलं, नुसतं आतल्या वाटेने नेच्यांच्या मांडवापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकटीने. शेजारी कोणी ‘निधान’ म्हणणारं नाही. गेले की! मांडवापर्यंत अगदी झोकात गेले. परत फिरवताना वळण लहान पडलं, वाटेच्या कडेचा एक दगड समोर आला, आणि ब्रेकऐवजी — हो, तेच. गाडी दगडावर चढली, खालून खरवडल्यासारखा मोठा आवाज झाला, आणि पलीकडे उतरली.

मी खाली वाकून पाहिलं. काही गळत नव्हतं, काही लोंबत नव्हतं. दगड जरासा हलला होता. तो मी पायाने सरळ केला. गाडी होती तिथे नेऊन लावली. मुनियप्पा केस पुसत आले तेव्हा मी पाट्या लिहीत बसले होते.  त्या दिवशीच्या पाट्यांवरची अक्षरं वाकडी आली होती.

चार दिवसांनी अण्णा पट्टी हातात धरून बराच वेळ उभे राहिले. सकाळी भरलेलं पेट्रोल संध्याकाळी पाव टाकी कमी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मिस्त्रींना बोलावलं — कलासिपाळ्यमकडचे इब्राहिम मिस्त्री. ते अर्धा तास गाडीखाली पडून होते. उठून हात झटकत म्हणाले, “सब सूखा है, साब. पाइप सूखा, टंकी सूखी.” वास म्हणावा, तर खताच्या त्या गाडीत पेट्रोलचा वास कोणाला वेगळा येणार?

मला आला. खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी, भरलेल्या गाडीतून उतरताना, क्षणभर आला. मग मला कळलं होतं का? अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळू दिलं नाही.

गळत नाही म्हणजे कोणीतरी काढतंय. अण्णांनी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून घेतलं, तरी पेट्रोल कमी होतच राहिलं. तेव्हा हे म्हणाले, “कुलूप बसवून आणलं कोणी? मुनियप्पानेच ना? मग दुसरी किल्ली असणार त्याच्याकडे.”  तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी गाडीची किल्ली स्वतःकडे मागायला लागले. वीस वर्षांत पहिल्यांदा. मुनियप्पा किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि तळहाताकडेच बघत राहायचे.

ते दिवस मी कसे काढले, सांगू? मुनियप्पांना सवय — गाडी थांबली की बॉनेटला टेकून विडी पेटवायची. त्यांचा हात कानाकडे गेला की मी हाक मारायची. “मुनियप्पा, जरा इकडे या, ही कुंडी हलवायची आहे!” “मुनियप्पा, विहिरीवर कोण आलंय बघा!” आठ दिवसांत मी त्या माणसाला नर्सरीतली प्रत्येक कुंडी दोनदा हलवायला लावली असेल. बिचारे हलवायचे. तोंड उघडून चार शब्द बोलण्यापेक्षा मला तेवढं सोपं वाटत होतं.

का बोलले नाही? मनाशी म्हणायची, मी बोलले तर त्यांनी मला शिकवलं हे बाहेर येईल, त्यांनाच त्रास होईल. काय छान वाटायचं असं म्हणताना! पण चोर ठरण्यापेक्षा तो त्रास मोठा होता का? मला माझी गाडी सुटायला नको होती. बाकी काही नाही.

शुक्रवारी अण्णा त्यांना म्हणाले, “सोमवारपासून येऊ नकोस.”

मुनियप्पांनी विचारलं, “अण्णा, मी घेतलं असं तुम्हाला वाटतंय?”

अण्णांनी मान वळवली. मुनियप्पांनी सीटवरचा आपला टॉवेल उचलला, घडी केली, खांद्यावर टाकला आणि फाटकातून चालत गेले. जाताना माझ्याकडे बघून हसले. का हसले? मला धीर द्यायला, असं मला अजून वाटतं.

त्या संध्याकाळी मी नर्सरीच्या खोलीत एकटीच बसले होते. भिंतीवर कंदील टांगलेला असायचा, आणि त्याच्याखाली पांढऱ्या चुन्यावर रॉकेलचा एक पिवळट ओघळ उमटलेला. रॉकेल कधीच उडून गेलेलं, डाग मात्र तसाच. रोज बघत होते तो. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पेट्रोल उडून जातं. मिस्त्री येईपर्यंत पाइप सुका. पण पाइपाला चुना फासलेला असेल तर?

शनिवारी अण्णांना म्हटलं, “मला एकदा बघू द्या.” अण्णा थकले होते, त्यांनी हात हलवला — बघ. झाडांच्या बुंध्यांना फासायला चुना कालवलेला होताच. मी पाइप टाकीपासून इंजिनापर्यंत कापडाने कोरडा पुसला आणि पातळ चुन्याचा हात दिला. वाळल्यावर तो पाइप काळ्या गाडीच्या पोटाखाली असा दिसायला लागला, जसा काही तिला कोणी जानवं घातलंय.

रविवारी हे घरी. त्यांना गाडी चालवता यायची, म्हणजे गाडी त्यांना सहन करायची. मी हौदा कुंड्यांनी भरायला लावला, टाकी काठोकाठ भरायला लावली. “रिकामी नको,” मी म्हटलं, “भरलेली असतानाच काहीतरी होतंय.” देवळापर्यंत जाऊन गचके खात हे परत आले. “कुंड्या उतरवू नका!” मी ओरडले आणि पोतं टाकून साडीसकट गाडीखाली शिरले.

पाइप पांढरा. आणखी पुढे पांढरा. वळणापर्यंत पांढरा. आणि वळणाशी, जिथे तो पट्टीने गाडीच्या सांगाड्याला आवळला आहे तिथे — बोटभर लांब तांबूस ओघळ. त्याच्या टोकाला थेंब. मी बघत असतानाच तो थेंब टपकला. माझ्या कपाळावर!

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. हे म्हणतात, ‘सापडला, सापडला’ असं ओरडलीस. त्यांना वाटलं साप. हे आत शिरले. मग अण्णा, टोपी आणि कोटासकट, साठी उलटलेला माणूस, पोटावर सरकत आत आले. तिघं एकमेकांना चिकटून उताणे, तिघांच्या कपाळावर चुना. आणि थेंब पडला की तिघं एकदम “पडला!” रस्त्याने देवळाला निघालेल्या बायका थांबून बाहेर आलेले सहा पाय बघत होत्या. अण्णा हसायला लागले. हसता हसता खोकायला लागले, आणि मग मी पाहिलं, ते रडत होते.

“मी त्याला चोर म्हटलं गं,” ते म्हणाले.

चीर केसाएवढी होती. रिकामी गाडी उभी असली की मिटायची. ओझं पडलं, गाडी हादरली की उघडायची. हे टाकी रिकामी करेपर्यंत मी धुण्याचा साबण मळून चिरेत दाबून बसवला, वर कापडाची चिंधी आवळली. तेवढ्यात माझी नजर चिरेच्या शेजारी गेली. पाइप एका बाजूने चेपलेला होता. सांगाड्यावर ताजी, चकचकीत खरवड. उरलेलं अर्धंही तेव्हा कळलं. आता कळू द्यायचं की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

मी तेव्हाही बोलू शकत होते. अण्णा हातभर अंतरावर होते.

अण्णा थांबले नाहीत. कोटाला चुना तसाच, चालत निघाले. मी मागोमाग. मुनियप्पा आपल्या दारात बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. अण्णांनी बायकोमुलांसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर हात जोडले. “मुनियप्पा, माझं चुकलं. मला माफ कर.” मुनियप्पा इतके गडबडले की शेंगा सांडल्या. “अय्यो अण्णा, बेडा, बेडा! असं नको!” म्हणत त्यांनी ते हात धरले, आणि मग दोघं म्हातारे हात धरून नुसते उभे. मुनियप्पांच्या बायकोने आम्हा सगळ्यांना कॉफी दिली. इतकी गोड कॉफी मी पुन्हा प्यायले नाही.

“शोधलं कोणी?” मुनियप्पांनी विचारलं.

“आमच्या सुनेनं,” अण्णा म्हणाले. “मिस्त्रीला जमलं नाही ते हिनं केलं.”

मुनियप्पा माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मला. मी मागे सरकले. सगळ्यांना वाटलं, लाजले.

सोमवारी इब्राहिम मिस्त्री आले. पाइप काढला, चिरेचा तुकडा कापून टाकला, नवा तुकडा जोडला. पट्टीखाली रबराचा तुकडा दिला, म्हणजे पुन्हा घासणार नाही. कापलेला तुकडा बोटात फिरवत म्हणाले, “यह अपने आप नहीं फटा. पत्थर लगा है.”

सगळे मुनियप्पांकडे पाहायला लागले. मीही. मुनियप्पा विचारात पडले. मला दिसत होतं — ते एकेक रस्ता आठवत होते, एकेक वळण. दगड आठवत नव्हता. कसा आठवेल?

“सरी,” ते शेवटी म्हणाले. “मग मीच गाडी दगडावर घातली असणार, अण्णा. माझं लक्ष नसेल. वय झालं आता. माफ करा.”

हे ऐकलंत तुम्ही? ज्या माणसावर आठ दिवस चोरीचा आळ होता, तो माझ्या दगडाची माफी मागत होता. अण्णा म्हणाले, “जाऊ दे रे, तेवढं काय घेऊन बसलास!” आणि त्यांची पाठ थोपटली. आणि मी उभी होते. कपाळावरचा चुना धुतला होता, तरी अजून तिथे ताणल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यात अण्णांनी जाहीर केलं की एवढं डोकं असलेल्या मुलीला गाडी आलीच पाहिजे, आणि मुनियप्पा तिला शिकवतील. पहिल्या धड्याला अण्णा फाटकात उभे! मुनियप्पा गंभीर चेहऱ्याने मला सांगतात, “अम्मा, याला स्टिअरिंग म्हणायचं.” मी तितक्याच गंभीरपणे विचारते, “हे फिरवायचं का?” फाटकाबाहेर पडून वळण घेतलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की गाडी थांबवावी लागली. मुनियप्पा टॉवेलने डोळे पुसत होते. तेव्हा सांगायचं होतं. त्याहून चांगली वेळ कोणती? आम्ही दोघंच, रस्ता मोकळा, दोघंही हसतोय. ते रागावलेसुद्धा नसते. मी पुन्हा गियर टाकला.

साठच्या दशकात मला लायसन्स मिळालं. अण्णांचे गुलाब लालबागेतल्या प्रदर्शनाला मी घेऊन जायची, मुनियप्पा शेजारी. आमच्या त्या गाडीने मला काय काय सुख दिलं! सगळं आठवतं आणि आजही मन भरून येतं. ते सुख खोटं नव्हतं. त्यासाठी मी काय केलं, तेही खोटं नव्हतं.

मुनियप्पा आणखी अकरा वर्षं आमच्याकडे होते. मग मुलाकडे कोलारला गेले आणि तिथेच वारले. त्या अकरा वर्षांत ते गाडी चालवत असले आणि कच्ची वाट लागली की एक गोष्ट ठरलेली. वाटेत दगड दिसला — अगदी नारळाएवढासुद्धा — की ते गाडी थांबवायचे. खाली उतरायचे. दोन्ही हातांनी दगड उचलून कडेला ठेवायचे, हात झटकत परत येऊन बसायचे. हौद्यात कोणी नवा माणूस बसलेला असला तर मागे वळून त्याला सांगायचे, “एकदा माझ्याकडून चूक झाली होती. पाइप फुटला. आमच्या अम्मांनी शोधला म्हणून वाचलो.” पुढे पुढे त्यांची कंबर धरायला लागली, तरी उतरायचे.

मी शेजारच्या सीटवर बसून असायची. दगड उचलताना त्यांची वाकलेली पाठ मला काचेतून दिसायची. दार माझ्याही बाजूला होतं. मी एकदाही उतरले नाही.